रविवारची पिशवी खुंटीवरून उतरवा: रोजच्या कामात उपासना कशी आणायची

आमच्या घरात दाराच्या मागे एक खुंटी आहे आणि तिच्यावर कित्येक वर्षं एक चेनवाली पिशवी लटकलेली असायची, आत बायबल, गायनाचं पुस्तक, सासूबाईंच्या चष्म्याची जुनी डबी आणि दानाचं पाकीट. रविवारी बारा वाजता चर्चवरून आलो की पिशवी खुंटीला, आणि मग ती थेट पुढच्या रविवारी सकाळी खाली यायची. आम्ही देवाला विसरलेली माणसं होतो असं अजिबात नाही, मी कोयरमध्ये गाते, मिस्टर मंडळीच्या म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीत होते, पण सोमवार ते शनिवार उपासना म्हणजे जेवणाआधीची घाईतली प्रार्थना आणि झोपताना येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना अर्धी म्हणून लागलेला डोळा, एवढंच. हे कुणाला सांगायलाही लाज वाटायची कारण बाहेरून सगळं व्यवस्थित दिसत होतं ना.

मी नर्स आहे, पंचवीस वर्षं झाली, पिंपरी-चिंचवडला राहतो, मिस्टरांची कंपनीत तीन शिफ्टची ड्यूटी, दोन मुलं, सासूबाई. हे अशासाठी सांगतेय की ज्यांच्या घरात सगळे एका वेळी जेवायलाही बसत नाहीत त्यांना हे उपयोगी पडावं. पहाटे पाचला उठा आणि तासभर प्रभूबरोबर घालवा असं सगळे सांगतात, ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण मी ते चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा नाइट ड्यूटी लागली की बंद पडलं, वर अपराधीपणा वेगळा. शेवटी जे जमलं ते उलट्या बाजूने जमलं. वेगळा वेळ काढायचा नाही, जे काम रोज होणारच आहे त्याला उपासना बांधायची. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना ही वचनं बोलत जा असं बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात सांगितलंय, आणि त्यात बसणं, चालणं, झोपणं, उठणं सोडून दुसरं काहीच नाहीये, सगळी रोजचीच कामं आहेत. हिब्रूत, म्हणजे जुन्या कराराच्या भाषेत, अवोदा म्हणून शब्द आहे, तो कष्टाच्या कामालाही वापरतात आणि देवाच्या उपासनेलाही. आपल्या मराठीत सेवा शब्द तसाच चालतो बघा, पेशंटची सेवाही सेवाच आणि देवाची सेवाही सेवाच.

तर सगळ्यात पहिलं काम म्हणजे ती पिशवी खाली उतरवा आणि बायबल बाहेर काढा. कुठे ठेवायचं हे महत्त्वाचं आहे. शोकेसमध्ये नको, देखण्या स्टँडवर नको, जिथे तुमचा हात दिवसातून दहा वेळा जातो तिथे ठेवा. आमचं फ्रिजवर असतं, फोडणीचे थेंब उडणार नाहीत इतकं लांब आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उभ्याने वाचता येईल इतकं जवळ. पानं मळतील, मळू देत.

मग प्रश्न येतो वाचायचं काय, कारण कुठलंही पान उघडून वाचलं की दोन आठवड्यांत आपण त्याच त्या पाच ठिकाणी फिरायला लागतो. मला तारखेच्या स्तोत्रांची पद्धत फार लागू पडली. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि महिना धरा तीस दिवसांचा, म्हणजे रोजची पाच झाली. आजची तारीख घ्यायची आणि तीसतीस मिळवत जायचं, १२ तारीख असेल तर १२, ४२, ७२, १०२ आणि १३२. पाचही वाचायलाच पाहिजेत असं नाही, मी पाचांवरून नजर फिरवते आणि जे त्या दिवशी हाताला धरतं ते एक मोठ्याने वाचते. मोठ्याने हे मात्र नक्की, कारण डोळ्यांनी वाचलं की मन कपड्यांच्या मशीनकडे पळतं. २९ तारखेला ११९ वं येतं, ते १७६ ओव्यांचं म्हणजे वचनांचं आहे, ते त्या दिवशी सोडून द्या आणि ज्या महिन्याला ३१ तारीख असते तिच्यासाठी राखून ठेवा. आणि २७ ला ११७ वं येतं, फक्त दोन ओव्या, फर्स्ट शिफ्टला पळताना चपला घालता घालतासुद्धा होतं. अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनेच्या पुस्तकातही महिन्याभरात सगळी स्तोत्रं व्हावीत अशी सकाळ-संध्याकाळची वाटणी शेकडो वर्षांपासून आहे, त्यामुळे हे मी काही शोधून काढलेलं नाही.

वाचलेल्यातली एकच ओळ दिवसभरासाठी बरोबर घ्यायची, दोन नाही. ती कागदावर लिहून डब्याच्या पिशवीत टाका, नाहीतर मोबाईलच्या स्क्रीनवर ठेवा. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला आपल्याला वर्षाचं वचन मिळतं ना कार्डावर, ते आपण किती श्रद्धेने घेतो आणि फेब्रुवारीत विचारलं तर कुठे ठेवलंय तेही आठवत नाही. दारावरच्या वचनाच्या पाटीचंही तसंच, रोज बघून बघून ती दिसेनाशीच होते, म्हणून आमच्या दारावर आता साधी पाटी आहे खडूने लिहायची आणि धाकटी दर सोमवारी नवीन वचन लिहिते, अक्षर वेडंवाकडं असतं पण तिच्या मैत्रिणी थांबून वाचतात.

आता गाण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. आजकाल आराधना म्हटलं की यूट्यूब लावायचं आणि काम करायचं अशी सवय झालीये, मीही लावते, पण दुसऱ्याने गायलेलं ऐकणं वेगळं आणि आपल्या तोंडातून निघणं वेगळं. आपण तर जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांच्या मुलखातली माणसं आहोत. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात होती, दळण, सारवण, भांडी, काही चाललेलं असो तिच्या तोंडात प्रभूचं नाव ओवीत नाहीतर अभंगात असायचंच, आणि तिला वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी ती गाणी म्हणजेच बायबल होतं. फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याने गोव्यात १६१६ साली ख्रिस्ताची कथा छापली ती ओवीतच होती. आणि रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरच्या मिशनमध्ये काम केलं, त्यांना हेच दिसत होतं की साहेबांच्या चालीवर बसवलेलं भाषांतर चर्चमध्ये उभं राहून म्हणता येतं, पण शेतात आणि चुलीपाशी तोंडात बसतो तो अभंग, म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. ते १९१९ ला गेले आणि आजही त्यांची गीतं आपण गातो, पुस्तक न उघडता.

म्हणून करायचं असं की महिन्याला एकच गीत घ्या. आपल्या पुस्तकातलं घ्या, मराठी घ्या, ज्याची चाल पीठ मळताना हाताच्या लयीत बसते असं घ्या. पहिला आठवडा फक्त धृपद, दुसऱ्या आठवड्यात पहिलं कडवं, असं महिन्यात अख्खं पाठ होतं आणि वर्षाला बारा गीतं, पाच वर्षांत साठ, एवढी पुंजी आयुष्यभर पुरते. आवाज चांगला नाही म्हणून गप्प बसू नका, स्वयंपाकघरात कोण मार्क द्यायला बसलंय. फक्त फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांचं भान ठेवा, पहाटे साडेपाचला स्पीकर लावून भिंतीपलीकडच्या आजारी माणसाची झोपमोड करणं ही काही प्रभूची स्तुती नाही.

कामाच्या ठिकाणी काय करायचं, हे मला बरेच जण विचारतात, विशेषतः ज्यांच्या ऑफिसात आपला एकही माणूस नसतो ते. मी माझं सांगते. नर्सिंगमध्ये हात धुणं ही अशी गोष्ट आहे जी एका ड्यूटीत किती वेळा होते ते मोजता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय की साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद आणि हँडरब म्हणजे हाताला चोळायचं सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद. पूर्वी मी तेवढ्या वेळात घड्याळ बघायची, नाहीतर कुणावर तरी मनातल्या मनात चिडायची. मग मी तेवढा वेळ प्रार्थनेला दिला. नळ सोडला की ज्या बेडकडे आता जायचंय त्याचं नाव मनात घ्यायचं. तळहातावर तळहात घासताना, प्रभू, हा तुझा माणूस आहे. मग हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, तेव्हा त्याचं दुखणं, त्याच्या घरचे कोण बाहेर बाकड्यावर बसलेत ते. अंगठे धुताना, माझा हात हलका ठेव. नखं तळव्यावर घासताना, माझ्याकडून चूक होऊ देऊ नको. पाणी बंद, हात पुसले, की निघाले. कुणाला कळतही नाही. आणि एक सांगते, ज्या पेशंटचं नाव मी नळाखाली हात धरून घेतलंय त्याच्यावर खेकसणं मला नंतर जमतच नाही, दहाव्यांदा बेल वाजवली तरी.

तुमच्या कामात असं वारंवार येणारं काहीतरी असेलच, ते शोधा. शिक्षक असाल तर हजेरी, एकेक नाव घेताना त्या मुलासाठी एक श्वास प्रार्थना. रिक्षा-टॅक्सी चालवत असाल तर चावी फिरवताना, कॉम्प्युटरवर असाल तर पासवर्ड टाकताना. एकच गोष्ट निवडा आणि महिनाभर तीच धरून ठेवा. बायबलमधल्या कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात जे काही कराल ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असं प्रेषित पौल सांगतो ना, ते तो दासांना सांगत होता, ज्यांच्या कामाला ना सुट्टी ना पगार ना शाबासकी. म्हणून त्या ओळीचं वजन फार आहे. अर्थात याचा अर्थ कामाच्या वेळेत बायबल उघडून बसणं असा नाही, सलाईन संपत आलंय आणि सिस्टर वचन वाचतेय असं कधीच होता कामा नये, त्या क्षणी सलाईन बदलणं हीच उपासना आहे. आणि पेशंट अंथरुणाला खिळलेला असतो, त्याला आपल्याला नको म्हणता येत नाही, म्हणून त्याने स्वतः मागितल्याशिवाय मी मोठ्याने प्रार्थना करत नाही.

घरची कौटुंबिक उपासना. ही बहुतेक घरांत एकतर बंद पडलेली असते किंवा मुलांना नकोशी झालेली असते आणि त्याचं कारण मला आमच्याच घरात सापडलं. आम्ही प्रार्थनेतून मुलांना बोलून घ्यायचो. "प्रभू, ह्या पोराला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून याची सुटका कर", आणि पोरगं डोळे मिटून ते ऐकतंय, त्याला उत्तरही देता येत नाही कारण आईबाप देवाशी बोलतायत. एक दिवस मोठा म्हणाला, "आई, तू देवाला सांगतेस की मला?" मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून आमच्यात नियम आहे, समोर बसलेल्या माणसाबद्दल तक्रारीची प्रार्थना करायची नाही, काही बोलायचं असेल तर डोळे उघडे ठेवून त्याच्याशीच बोलायचं.

वेळ म्हणाल तर दहा-बारा मिनिटं, जेवण झाल्यावर ताटं उचलायच्या आधी, कारण एकदा ताटं उचलली की घर पांगतं. मिस्टर सेकंड शिफ्टला असतील तर ते फोनवर स्पीकरवर असतात किंवा नसतात, जे हजर आहेत त्यांनी करायचं, सगळे जमण्याची वाट बघितली तर कधीच होत नाही. गीताची दोन कडवी, निवड मुलांची. मग आठ-दहा ओव्या, एकेकाने दोन दोन वाचायच्या, मोबाईलवर वाचल्या तरी चालतील. मग प्रत्येकाने आजच्या दिवसातली एक खरीखुरी गोष्ट सांगून देवाचे आभार मानायचे, आणि त्याला आम्ही १३६ व्या स्तोत्रासारखं उत्तर देतो. त्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच येतं, त्याची दया सनातन आहे. धाकटी सांगते "गणिताच्या बाई आज रागावल्या नाहीत", आणि सगळे म्हणतात त्याची दया सनातन आहे. सासूबाई सांगतात गुडघा जरा बरा आहे, पुन्हा तेच. मग प्रभूची प्रार्थना, आणि शेवटी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातला आशीर्वाद, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो. चर्चमध्ये पाळक देतात तोच, पण स्वतःच्या आईचा हात डोक्यावर असताना तो वेगळा लागतो, मोठा आता कॉलेजला आहे तरी मान खाली करून थांबतो.

इतकं सगळं करूनही एक गोष्ट राहिली तर बाकीचं आतून पोकळ होतं, ती म्हणजे भांडण. माझं आणि माझ्या जाऊबाईंचं गावच्या घरातल्या एका खोलीवरून वाजलं होतं, दोन वर्षं बोलणं बंद. आणि मी गात होते, वाचत होते, सगळं करत होते. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. आमोसच्या ५ व्या अध्यायात तर देव सरळ म्हणतो तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. एका शनिवारी कोयरच्या प्रॅक्टिसला आवाजच निघेना, सर्दी नाही काही नाही, गळा आवळल्यासारखा. घरी येऊन ओट्यापाशी उभी राहूनच फोन लावला. पहिलं वाक्य काय बोलावं सुचेना म्हणून म्हटलं, "वहिनी, मी बोलतेय, ठेवू नका." त्या रडल्या, मी रडले, खोलीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही पण बोलणं आहे, येणंजाणं आहे. त्यामुळे माझं सांगणं असं की आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी बरं, रविवारचे कपडे काढून ठेवताना स्वतःला विचारा की कुणाला फोन करायचा राहिलाय. मंडळीतल्या माणसांबद्दल तर नक्कीच विचारा, कारण उद्या त्यांच्याच शेजारी बसून प्रभूभोजन घ्यायचंय.

आणि दुःखात असाल तर हसऱ्या चेहऱ्याची उपासना स्वतःवर लादू नका. माझी आई गेली तेव्हा लोक येऊन म्हणायचे स्तुती करा, स्तुतीत सामर्थ्य आहे, आणि ते खरंही आहे, पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होतेच. पण मला दीड महिना एक ओळ गाता आली नाही. तेव्हा २८ तारखेला ८८ वं स्तोत्र समोर आलं, ते सुरुवातीपासून आक्रोश आहे आणि संपतंही अंधारातच, शेवटी उजेडाची एक ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवाला तसं बोललेलं चालतं. मी ते मोठ्याने वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडले. कुणी शोकात असेल तर त्याच्याशेजारी बसून त्याच्या वतीने वाचा किंवा गा, तो गप्प राहिला तरी हरकत नाही.

रविवारची ड्यूटी लागणारे आपल्यात खूप आहेत, हॉस्पिटल, पोलीस, सिक्युरिटी, हॉटेल. रोज घरी करतोय म्हणून रविवार सुटला तरी चालेल असं मात्र मनात आणू नका. एकट्याच्या निखाऱ्याला राख लवकर धरते. महिन्यातला एक तरी रविवार मोकळा मिळावा म्हणून इन्चार्जशी वेळेवर बोला, बदल्यात मी दिवाळीला ड्यूटी करते आणि माझ्या मैत्रिणी मला नाताळला मोकळं ठेवतात, हे आमच्यात न ठरवता ठरलेलं आहे. जो रविवार जातो त्या आठवड्यात कॉटेज प्रेयरला, म्हणजे कुणाच्या तरी घरी होणाऱ्या प्रार्थनेला जा, तीही नाही जमली तर मंडळीतल्या एकाला घरी चहाला बोलवा आणि दोघं मिळून प्रार्थना करा.

आणि खंड पडणारच, आमचाही पडतो. खंड पडला की राहिलेलं भरून काढायला जाऊ नका, तिथेच सगळे थकतात आणि सोडून देतात. तारखेच्या स्तोत्रांचा मोठा फायदा हाच आहे की मागची उधारी राहत नाही, ज्या दिवशी परत याल त्या दिवसाची तारीख बघा आणि तिथून वाचा. मागे सासूबाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्या गडबडीत आमचं सगळं बंद होतं, बायबल फ्रिजवर आणि त्यावर औषधांच्या पावत्यांचा गठ्ठा. त्यांना घरी आणलं त्या रात्री मी पावत्या बाजूला केल्या आणि कॅलेंडर बघितलं, १३ तारीख होती. म्हटलं आई, तेरावं वाचू का, लहान आहे. त्या म्हणाल्या, "आज एकशे तीन येतं ना, ते वाच." मी पान शोधत होते तोवर त्यांनी उशीवर मान टेकवून डोळे मिटले होते आणि स्वतःच सुरू केलं होतं, हे माझ्या जिवा.